कैरीची सुरी

चैत्र सरत आला की अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या डोंगरपाड्यांवर कैरीचं काम सुरू होतं. गावरान आंब्याची झाडं उतरवायची, कैऱ्या सोलायच्या, फोडी करायच्या आणि खडकावर, छपरावर, जिथे कडक ऊन लागेल तिथे वाळत घालायच्या. वाळलेल्या फोडी मोलगी किंवा धडगावच्या बाजारात व्यापाऱ्याकडे जातात आणि पुढे आमचूर होऊन दूरदूरच्या स्वयंपाकघरांत पोहोचतात. फोड पांढरी राहिली तर भाव बरा मिळतो, काळवंडली तर पडतो. घरातली सगळी माणसं दिवसदिवस बसून हे काम करतात, आणि बराचसा भार लहान सुरीवर असतो.

या प्रकरणात अशी एक सुरी हाताने घडवायची आहे. सुरी बनवण्याची बहुतेक पुस्तकं पोलादापासून सुरुवात करतात. मला ते पटत नाही. सुरीने कापायचं काय, हे आधी ठरलं पाहिजे. पात्याची जाडी, टोकाचा आकार, मुठीची लांबी, पोलादाचा कडकपणा हे सगळं त्यातून येतं. आपल्याला कापायची आहे कैरी, तीही ढिगांनी.

कैरी हातात धरून सोलली जाते, पाटावर ठेवून नाही. म्हणजे पातं आखूड हवं. बोटं पात्याजवळ असतात, अंगठा कैरीवर टेकलेला असतो, आणि सुरी अंगठ्याकडे ओढली जाते. सुमारे ८ सेंटीमीटर लांब आणि २ सेंटीमीटर रुंद पातं पुरे. धार जवळजवळ सरळ ठेवावी आणि पाठ टोकाकडे उतरवून धारेला मिळवावी. उंच, तीक्ष्ण टोक या कामात फक्त तळहाताला लागतं. जाडी मुठीजवळ २ मिलिमीटर आणि टोकाकडे १ मिलिमीटर. याहून जाड पातं फोड कापत नाही, चिरफाळतं. पण फारच पातळ पातं कोयीभोवती वळवताना लवतं, कारण हंगाम पुढे सरकतो तशी कोय कडक होत जाते. मूठ मात्र पात्यापेक्षा लांब हवी, ११ सेंटीमीटरच्या आसपास. चार तास काम केल्यावर आखूड मुठीचं टोक तळहातात कुठे रुतत होतं ते कळतं. मिटणारा चाकू इथे उपयोगाचा नाही. कैरीचा आंबट रस बिजागरीत शिरतो, तिथे हात पोहोचत नाही आणि गंज आतून धरतो. म्हणून पातं आणि मूठ कायमची एकमेकांत बसलेली सुरी.

या भागात पात्यांचा इतिहास जुना आहे. तापी आणि गोमई यांच्या संगमावरच्या प्रकाशा इथे बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये उत्खनन केलं. खालच्या, ताम्रपाषाण थरांत गारगोटीच्या जातीच्या दगडाची बोटभर पाती मिळाली, आणि त्यावरच्या वस्तीत लोखंड आलं. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, नागपूरजवळच्या नायकुंड इथे सुमारे २७०० वर्षांपूर्वीची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे. पुढे गावगाड्यात लोहार बलुतेदार झाला. शेतकऱ्याचे फाळ, विळे, कुऱ्हाडी त्याने शेवटायच्या, म्हणजे ठोकून पुन्हा धारेला आणायच्या, आणि सुगीला धान्य घ्यायचं. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त ही व्यवस्था बारकाईने नोंदवली. गावोगाव फिरणारे घिसाडी वेगळे. आपले पूर्वज राजस्थानातून आले असं ते सांगतात, आणि महाराष्ट्रात त्यांची गणना भटक्या जमातींत होते. रस्त्याकडेला जमिनीत खड्ड्याची भट्टी, बाजूला ऐरण पुरलेली, पुरुषाने सांडशीत लोखंड धरलेलं आणि बाईने दोन्ही हातांनी घण उचललेला, हे दृश्य महाराष्ट्रातल्या बहुतेक वाचकांनी पाहिलेलं असेल. घण मारणाऱ्या त्या बाईला कारागीर म्हणून श्रेय देताना मी कुणाला फारसं ऐकलेलं नाही. घाव कुठे पडावा हे लहान हातोडीने दाखवलं जातं. तो किती जोराचा आणि किती सपाट पडावा हे तिचे हात ठरवतात.

आता पोलाद. अक्कलकुवा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गावर आहे. जिथे ट्रक चालतात तिथे त्यांचे कमानपाटे तुटतात आणि भंगारात येतात. लोहाराचं आवडतं पोलाद हेच. त्यात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो आणि जोडीला सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम. साध्या बांधकामाच्या पट्टीत कार्बन पाव टक्क्याच्याही खाली असतो. तिला कितीही ताव द्या आणि पाण्यात बुडवा, सुरीला लागणारा कडकपणा येत नाही. उलट बाजूला जुनी कानस: तिच्यात सव्वा टक्क्यापर्यंत कार्बन, धार अप्रतिम, पण नवशिक्याच्या हातून ती पाणी देताना तडकते. बेअरिंगच्या कड्यात सुमारे एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असतं. तेही चांगलं, पण त्याला भट्टीत तापमान जास्त नेमकं राखावं लागतं. लोखंड कापायच्या यांत्रिक करवतीचं पातं पाहून हात शिवशिवतात, पण त्यातलं पोलाद बहुधा हायस्पीड जातीचं असतं. त्याचा ताव गावच्या भट्टीच्या आवाक्याबाहेरचा.

पहिल्या सुरीसाठी मी कमानपाट्याच्याच बाजूने आहे. फक्त एक तपासणी टाळायची नाही. पाटा तुटला म्हणजे त्याने लाखो हेलकावे खाल्लेले असतात, आणि तुटल्या जागेपासून दूरही केसासारख्या भेगा असू शकतात. तुकडा घासून चकचकीत करावा, रॉकेलमध्ये थोडा वेळ ठेवावा, कोरडा पुसावा आणि वर खडूची पूड फासावी. भेग असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू खडूत उतरतं आणि काळसर रेघ उमटते. रेघ दिसली तर तुकडा फेकून द्यावा. घडवून, घासून, पाणी देऊन झाल्यावर ती भेग उघडी पडली तर सगळे कष्ट वाया जातात.

पाटा ६ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असतो आणि आपल्याला हवेत २. नुसत्या कानशीने एवढं पोलाद काढणं म्हणजे चांगला माल भुकटी करणं. म्हणून घडवण्याचा भाग लोहाराकडे बसून करावा आणि घासण्याचा भाग स्वतः करावा, ही वाटणी मला सगळ्यात योग्य वाटते. लोहाराला आकार तोंडी सांगू नये. पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा खरा माप असलेला नमुना न्यावा. तो हातात धरून कैरी सोलण्याची नक्कल करून पाहावी आणि बोटांना पटेल तोपर्यंत कापत राहावं.

पोलाद नारिंगी होईपर्यंत तापवायचं आणि लाल रंग मंदावला की ठोकणं थांबवायचं. थंडावलेल्या पोलादावर मारलेला घाव आत भेग ठेवतो. फार तापवून पांढरं झालं, ठिणग्या उडू लागल्या, तर पोलाद जळलं. ते परत येत नाही. धारेची बाजू ठोकून पातळ केली की ती बाजू लांबते आणि पातं पाठीकडे वाकतं. म्हणून जाणता लोहार आधीच ते धारेकडे थोडं वाकवून ठेवतो, म्हणजे ठोकता ठोकता ते आपोआप सरळ होतं. मागे मुठीत जाणारं शेपूट निमुळतं काढतात. पातं जिथे संपतं आणि शेपूट सुरू होतं तिथे काटकोनी खाच नको, गोलाई हवी. सुरी मोडली तर बहुतेक वेळा तिथेच मोडते, कारण सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो.

तापवण्याने आणि ठोकण्याने पोलादाचे आतले कण वेडेवाकडे आणि मोठे झालेले असतात. ते बारीक करायला पातं पुन्हा लाल करून नुसतं हवेत निवू द्यायचं, आणि हे तीनदा, दर वेळी थोडं कमी तापवून. बाजारातल्या घाईच्या कामात ही पायरी गाळली जाते, कारण बाहेरून काहीच फरक दिसत नाही. फरक धारेत दिसतो: मोठ्या कणांचं पोलाद धारेशी कणाकणाने तुटतं. शेवटी एकदा लाल करून ते कोरड्या राखेत खोल पुरावं आणि रात्रभर तसंच राहू द्यावं. सावकाश निवलेलं पोलाद मऊ होतं आणि कानस त्यावर चालते.

कानशीचं काम संयमाचं आहे. पातं लाकडाच्या फळीवर बांधून, कानस दोन्ही हातांनी धरून, एकाच दिशेने ढकलायची. परत आणताना उचलायची, नाहीतर तिचे दात मरतात. धारेच्या कडेला आधी मध्यरेषा आखून घ्यावी आणि दोन्ही बाजूंचा उतार त्या रेषेपर्यंत आणावा. इथे एक लोभ आवरावा लागतो. धार आत्ताच पातळ करायची नाही. कडेला अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्त जाडी ठेवायची. कागदासारखी कड भट्टीत सगळ्यात आधी जळते आणि पाणी देताना लाटेसारखी वळते. मुठीला खिळा ठोकायचा असेल तर शेपटातलं भोकही आत्ताच पाडावं. एकदा पातं कडक झालं की ड्रिलच तुटेल.

यानंतरच्या काही मिनिटांत पट्टीची सुरी होते. पोलाद ७२७ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्यातल्या लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बन त्यांच्यामध्ये विरघळतो. सावकाश निवलं तर कार्बन पुन्हा बाहेर पडून वेगळा बसतो. पण झटकन थंड केलं तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, मांडणी ताणली जाते आणि पोलाद काचेसारखं कडक होतं. तापमापक नसताना हे नेमकं कसं कळावं? लोखंड ७७० अंशांच्या आसपास चुंबकाकडे ओढलं जाणं सोडतं. भट्टीजवळ तारेला एक चुंबक टांगून ठेवावा. पातं बाहेर काढून चुंबकाला लावून पाहावं. चिकटलं नाही की रंग लक्षात ठेवावा आणि त्याहून एकच छटा उजळ होईपर्यंत तापवावं. कमानपाट्याला साधारण ८३० ते ८५० अंश लागतात. हे काम दिवे लागणीला करावं. भर दुपारी लाल रंग फिका दिसतो आणि पातं हवं त्यापेक्षा खूप जास्त तापतं.

विळ्याला लोहार पाणीच देतो, आणि विळ्याच्या पोलादाला ते चालतं. कमानपाट्याच्या पातळ पात्याला पाणी फार जहाल पडतं. ‘टण’ असा बारीक आवाज आला तर भेग पडली समजावं. त्याला तेल द्यावं. शेंगदाण्याचं साधं तेल चालतं, उभट लोखंडी डब्यात दोनेक लिटर, आणि ते आधी कोमट करून, ५०-६० अंशांपर्यंत. कोमट तेल पातळ असतं, पात्याभोवती खेळतं आणि उष्णता लवकर ओढतं. पातं टोकाकडून सरळ खाली सोडावं, धार-पाठ या दिशेत हलवावं, आडवं कधीच नाही. आडवं हलवलं तर एक बाजू आधी निवते आणि पातं वाकतं. तेल भडकू शकतं. डब्याचं लोखंडी झाकण हाताशी असू द्यावं, जवळ वाळू असावी, आणि पेटत्या तेलावर कुणीही पाणी ओतणार नाही याची आधीच ताकीद द्यावी. मुलं आसपास नकोत.

पातं बाहेर काढल्यावर त्यावर जुनी कानस फिरवून पाहावी. ती न चावता घसरली तर काम झालं. चावली तर पुन्हा तापवावं लागेल. थोडा बाक आला असेल तर तो काढायला काही क्षणच मिळतात: पातं अजून हाताला चटका देणारं असेपर्यंत, जाड हातमोजे घालून. निवल्यानंतर सरळ करायला गेलं तर दोन तुकडे हातात येतात.

या अवस्थेतली सुरी ठिसूळ असते. जमिनीवर पडली तरी तुटेल. म्हणून त्याच संध्याकाळी तिचा कडकपणा थोडा उतरवायचा. घरात ओव्हन असेल तर २०० अंशांवर दोन तास, निववून पुन्हा दोन तास. नसेल तर जाड तव्यावर वाळू तापवावी, पातं घासून लखलखीत करावं आणि पाठ वाळूत रोवून, धार वर ठेवून रंग पाहत बसावं. स्वच्छ पोलादावर ऑक्साइडचा अतिपातळ थर धरतो आणि तो जाड होत जातो तसे रंग बदलतात: आधी फिकट गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. रंग पाठीकडून धारेकडे सरकताना दिसतात. धारेवर गवती रंग पोहोचला की लगेच पातं उचलावं. अशाने पाठ जांभळी-निळी, म्हणजे लवचीक राहते आणि धार कडक. मला ओव्हनपेक्षा ही रीत आवडते. वाळूची उष्णता सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे ती अवघड आहे हे खरं, पण एकाच पात्याला दोन स्वभाव देता येतात ते तिच्यामुळेच.

अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही १९७६ मध्ये स्थापन झालेली संस्था हाताने घडवलेल्या पात्यांच्या परीक्षा घेते. तिथे उमेदवाराच्या सुरीने टांगलेला दोर एका घावात तोडायचा, मग जाड लाकडाचे दोन तुकडे तोडायचे, तरीही हातावरची लव उतरली पाहिजे, आणि शेवटी पातं शिकंज्यात धरून ९० अंशांत वाकवलं तरी ते दुभंगता कामा नये. मोठ्या सुऱ्यांसाठी ती परीक्षा सुंदर आहे. आपल्या लहान सुरीसाठी पितळी सळईची परीक्षा पुरते. धार पातळ केल्यावर ती सळईवर टेकवून हलका दाब द्यावा. कड जरा लवून दिसते. दाब काढल्यावर ती परत सरळ झाली तर उत्तम. तुकडा उडाला तर पोलाद अजून ठिसूळ, थोडं जास्त तापवून पुन्हा उतरवावं. वाकलेलीच राहिली तर मऊ झालं, आणि मग भट्टीपासून सगळं पुन्हा.

मुठीसाठी सातपुड्यात लाकडाला तोटा नाही. धावडा चिवट, कुऱ्हाडीच्या दांड्यांचा. तिवस त्याहून हलका पण धक्का सोसणारा. शिसव देखणं आणि जड. अंजन इतकं कठीण की कानशीलाच धार लावावी लागेल. ओलं लाकूड घेऊ नये, झाड तर तोडूच नये. सुताराकडे वर्षानुवर्षं पडलेला जुना तुकडा सगळ्यात चांगला, कारण त्याला आकसायचं तेवढं तो आकसलेला असतो. मुठीत आधी अरुंद भोक पाडावं, मग शेपूट तापवून त्यात दाबावं, म्हणजे भोक शेपटाच्या मापाचं जळून निघतं. हे करताना पात्याला ओलं फडकं गुंडाळून ठेवायचं, नाहीतर धारेचा ताव उतरतो. मग राळ आणि विटेची बारीक पूड वितळवून भोकात ओतायची आणि शेपूट बसवायचं. मुठीच्या तोंडाशी लोखंडी किंवा पितळी कडं घातलं तर लाकूड चिरत नाही. वरून जवसाचं तेल चोळावं. ते हवेत सुकून घट्ट होतं. शेंगदाण्याचं तेल सुकत नाही आणि मूठ चिकट राहते.

धार सहाणेवर किंवा पाणदगडावर लावायची, प्रत्येक बाजूने १५ अंशांच्या आसपास, सगळीकडे एकाच कोनात. एका बाजूने घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला बारीक काठ उलटलेला बोटाला लागतो. तो काठ आला म्हणजे धारेपर्यंत दगड पोहोचला. मग बाजू बदलायची, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीकडे ओढून तो काठ पाडायचा.

आता पांढऱ्या आमचुराचा खरा प्रश्न. कैरीत सायट्रिक आणि मॅलिक आम्ल असतं, आणि कषाय द्रव्यंही असतात. आम्ल लोखंड विरघळवतं आणि विरघळलेलं लोखंड कषाय द्रव्याशी मिळून निळसर काळा रंग देतं. हिरडा आणि लोखंडापासून पूर्वी शाई होत असे ती याच क्रियेने. त्यामुळे नवं कोरं कमानपाट्याचं पातं पहिल्या काही कैऱ्यांवर डाग पाडतंच. स्टेनलेस पात्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, ते डाग पाडत नाही, आणि या एका बाबतीत कारखान्याची सुरी वरचढ आहे हे मान्य करायला हवं. पण फोड काळी पडण्याचं दुसरं कारणही आहे, आणि ते सगळ्या सुऱ्यांना लागू आहे. कापताना पेशी चिरडल्या की त्यांतली विकरं आणि हवेतला प्राणवायू मिळून फोड तपकिरी होते. बोथट पातं कापण्यापेक्षा जास्त चिरडतं. स्वस्त स्टेनलेस पातं मऊ असतं, तासाभरात बोथट होतं आणि दगडावर लवकर सुधारत नाही. चांगलं उतरवलेलं हातघडीचं पातं कितीतरी वेळ टिकतं आणि चार हात मारले की पुन्हा तयार.

डागांवर उपायही आहे. हंगामाच्या पहिल्या कैऱ्या घरच्या लोणच्याला, चटणीला कापाव्यात आणि पात्यावर कैरीची फोड चोळून ते तसंच वाळू द्यावं, धुवावं, पुन्हा चोळावं. हळूहळू पात्यावर राखाडी-निळा थर बसतो. तो डाग पूर्ण थांबवत नाही, पण पुष्कळ कमी करतो. तो घासून पुन्हा चकचकीत करण्याचा मोह आवरावा. आमचुराच्या कामाला बसताना शेजारी पाण्याचं भांडं आणि कोरडं फडकं ठेवून सुरी अधूनमधून पुसत राहावी.

कायद्याची बाब थोडक्यात. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि घरगुती व शेतीच्या अवजारांना त्यातून वगळलं आहे. आपलं पातं तीन इंचांहून जरासंच लांब आहे. तरी सुरी उघडी घेऊन बाजारात फिरू नये. बांबूच्या एका पेराचं म्यान करावं: पेर उभं चिरून, आत पात्याच्या जाडीची खाच कोरून, दोन्ही भाग दोऱ्याने आवळून बांधले की झालं. चामड्याच्या म्यानात पावसाळ्यात ओल धरते आणि पात्याला गंज चढतो. मृगाच्या आधी कैरीचं काम संपतं. तेव्हा सुरी धुवून, वाळवून, खोबरेलाचा हात फिरवून कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावी, म्यानाबाहेर. धार मात्र आत्ताच लावून ठेवावी, कारण पुढच्या वर्षी कैरी उतरायला लागली की पहिल्या दिवशी दगड शोधायला कुणालाच सवड नसते.